कागदाची उमेदवारी : पनवेल-बेलपाडा परिसरातील राजकीय कार्यालये आणि शिकाऊ विद्यार्थी

पनवेल तालुक्यातील बेलपाडा ही खारघरच्या हद्दीतील, सायन-पनवेल महामार्गाजवळची, प्रामुख्याने आगरी समाजाची जुनी वस्ती आहे. मुख्य गावापासून किंचित अलग वसलेल्या अशा लहान वस्तीला उत्तर कोकणात पाडा म्हणतात. नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या नवी मुंबई मेट्रोने या पाड्याला त्याच्या नावाचे स्थानक दिले, परंतु बेलापूरहून निघालेली गाडी एक स्थानक मागे टाकून येथे पोचते तेवढ्यात जिल्हा बदलतो आणि महापालिकाही बदलते. बेलापूर ठाणे जिल्ह्यात व नवी मुंबई महापालिकेत, तर बेलपाडा रायगड जिल्ह्यात व पनवेल महापालिकेत मोडतो. या भूगोलाचा स्थानिक राजकारणाशी फार जवळचा संबंध आहे. येथील एखाद्या कुटुंबापुढे जमिनीच्या मोबदल्याचा किंवा घराच्या परवानगीचा प्रश्न उभा राहिला, की नवी मुंबई उभारणाऱ्या सिडकोचे कार्यालय बेलापूरला, तहसील आणि भूसंपादनाची कचेरी पनवेलला, जिल्हाधिकारी अलिबागला आणि शेवटचा शब्द मंत्रालयात, अशा चार दिशांना त्याचे कागद फिरत आले आहेत. या फेऱ्यांमध्ये मध्यस्थ म्हणून जी राजकीय कार्यालये उभी राहिली, त्यांचे रोजचे काम भाषणांपेक्षा अर्जांचे होते, आणि म्हणूनच बिनचूक लिहू-वाचू शकणारा तरुण ही त्यांची पहिली गरज राहिली. महाविद्यालयीन विद्यार्थ्याने उन्हाळ्याच्या सुट्टीत अशा कार्यालयात शिकाऊ म्हणून बसणे, ज्याला आज इंटर्नशिप म्हटले जाते, ही प्रथा नव्या शैक्षणिक धोरणातून आल्यासारखी वाटली, तरी तिची मुळे जुन्या कचेरीत आणि कुळाबा, म्हणजे आजच्या रायगड, जिल्ह्याच्या शेतकरी चळवळीत आहेत.

इंग्रजी अमदानीच्या आरंभी मामलेदाराच्या कचेरीत जागा रिकामी होण्याची वाट पाहत बिनपगारी राबणाऱ्या तरुणाला उमेदवार म्हणत. तो कारकुनाच्या शेजारी बसून मोडी कागद वाचणे, नकला करणे, वसुलाच्या तक्त्यांची बेरीज जुळवणे आणि साहेबापुढे अर्ज कोणत्या क्रमाने ठेवावेत हे पाहून पाहून शिके. त्याला कोणी शिकवीत नसे, त्याचे काम मात्र सर्वजण घेत. पुढे परीक्षा आणि दाखले आले तरी कामाच्या जागीच काम शिकण्याची ही रीत टिकली. तिचा दोषही तेव्हापासूनचा आहे. बिनपगारी राबणे ज्याच्या घराला परवडेल आणि ज्याची ओळख कचेरीत आधीच असेल त्यालाच उमेदवारी मिळे, त्यामुळे लेखनावर उपजीविका करणाऱ्या मोजक्या जातींबाहेरच्या, विशेषतः खारपट्टीत भात पिकवणाऱ्या आगरी-कुणबी कुटुंबांतील मुलाला ते दार बहुधा बंदच राहिले. कचेरीतल्या कागदावर ज्याची जमीन होती, त्याच्या घरातला एकही माणूस त्या कागदाच्या बाजूला बसत नव्हता, ही विसंगती पुढच्या शंभर वर्षांच्या राजकारणाला पुरली.

पनवेल शहराचा अनुभव यापेक्षा थोडा वेगळा होता. मुंबई-पुणे मार्गावरील बंदर आणि बाजारपेठ म्हणून नावारूपाला आलेल्या या गावात १८५० च्या सव्विसाव्या कायद्यान्वये १८५२ मध्येच नगरपालिका स्थापन झाली, ती महाराष्ट्रातील सर्वांत जुन्या नगरपालिकांपैकी एक मानली जाते. आरंभी तिचे सभासद नेमलेले असत. लॉर्ड रिपनच्या १८८२ च्या ठरावानंतर आणि १८८४ च्या जिल्हा नगरपालिका कायद्यानंतर निवडून आलेल्या सभासदांची प्रथा मुंबई इलाख्यात रुळली. याच सुमारास, १८८३ मध्ये, पनवेल ठाणे जिल्ह्यातून कुळाबा जिल्ह्यात आले. नगरपालिकेच्या राजकारणात व्यापारी आणि वकील पुढे होते, आणि वकिलाच्या बैठकीत कायद्याची पुस्तके हाताळणारा तरुण हाच त्या काळचा राजकीय शिकाऊ म्हणता येईल.

राजकीय उमेदवारीचा अधिक पद्धतशीर नमुना पुण्यात घडला. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १८८७ पासून सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकाचे काम न्यायमूर्ती रानडे यांच्या देखरेखीखाली केले. सरकारी अहवाल वाचणे, आकडे पडताळणे, निवेदनाचा मसुदा पुन्हा पुन्हा लिहिणे हेच तेथील शिक्षण होते. गोखल्यांनी १९०५ मध्ये भारत सेवक समाज स्थापन केला तेव्हा नव्या सदस्याला पाच वर्षे शिकाऊ म्हणून काढावी लागतील असा नियम घातला. राजकारण हा अभ्यासाने आणि दीर्घ सरावाने आत्मसात करण्याचा व्यवसाय आहे ही कल्पना महाराष्ट्रात एवढी जुनी आहे, हे आजच्या सहा-आठ आठवड्यांच्या प्रशिक्षणाकडे पाहताना ध्यानात ठेवावे लागते. पुण्याच्या या नमुन्यात मात्र निवेदन लिहिणारा आणि ज्याच्यासाठी ते लिहिले जाते तो, ही दोन वेगळी माणसे होती.

कुळाबा जिल्ह्यात हे अंतर शेतकरी चळवळीने कमी केले. खोत, म्हणजे सरकार आणि कूळ यांच्यामध्ये सारा वसूल करणारा वतनदार, याच्या जाचाविरुद्ध अलिबाग तालुक्यातील चरी येथे १९३३ मध्ये सुरू झालेला संप नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली सुमारे सहा वर्षे चालला. त्या काळात शेतकऱ्यांनी जमिनी कसल्या नाहीत. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी या लढ्याला पाठिंबा देऊन १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले. कोणत्या कुळाकडे कोणती जमीन, खोताने किती मक्ता घेतला, पावती दिली की नाही, याची माहिती गावोगावी गोळा केल्याशिवाय असा लढा चालवणे शक्य नसते, आणि ती लिहून घेण्यासाठी शाळा शिकलेली गावचीच मुले लागतात. १९४७ मध्ये शेतकरी कामगार पक्षाची स्थापना झाली आणि १९५० च्या दाभाडी प्रबंधाने पक्षाने मार्क्सवादी भूमिका स्वीकारली. कुळाबा हा या पक्षाचा बालेकिल्ला ठरला, तो केवळ लाल बावट्याच्या आकर्षणामुळे नव्हे. तलाठ्याकडचा उतारा समजावून सांगणारा कार्यकर्ता गावात पहिल्यांदाच आपल्या जातीचा आणि आपल्या बोलीचा मिळाला, हेही त्याचे एक कारण मानले पाहिजे.

या कार्यकर्त्याची खरी कसोटी १९७० नंतर लागली. नवी मुंबई उभारण्यासाठी त्या वर्षीच्या मार्च महिन्यात सिडको ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल व उरण या तालुक्यांतील ९५ गावांची जमीन संपादनाखाली आली. खारघर आणि त्याबरोबर बेलपाडा त्यातच होते. संपादन १८९४ च्या भूसंपादन कायद्यानुसार होत असे, आणि त्या कायद्याची चाल ज्याला ठाऊक नसेल त्याचे नुकसान ठरलेले असे. प्रथम कलम ४ ची अधिसूचना निघे, मग हरकती, मग हितसंबंधितांना नोटिसा, आणि शेवटी भूसंपादन अधिकारी मोबदल्याची रक्कम ठरवणारा आदेश देई, ज्याला निवाडा म्हणतात. निवाड्यातील दर मान्य नसेल तर कलम १८ खाली प्रकरण न्यायालयाकडे पाठवण्याची मागणी करता येई, पण निवाड्याच्या वेळी हजर असलेल्या खातेदाराला त्यासाठी अवघे सहा आठवडे मिळत. त्याहून बारीक अट मोबदला घेण्यासंबंधी होती. खातेदाराने पैसे ‘हरकत राखून’ घेतले नसतील, तर वाढीव मोबदल्याचा अर्ज करण्याचा त्याचा हक्कच संपे. अंगठा उठवून रक्कम घेणाऱ्या शेतकऱ्याच्या शेजारी उभे राहून हे दोन शब्द कागदावर आले की नाहीत एवढे पाहणारा मुलगा, मग तो अकरावीत असो की पदवीच्या वर्गात, त्या कुटुंबाला कोणत्याही जाहीर सभेपेक्षा अधिक उपयोगी होता. १९८४ च्या दुरुस्तीने कलम २८-अ आले आणि पूर्वी अर्ज न केलेल्या खातेदारांनाही, शेजाऱ्याला न्यायालयाने वाढ दिली असल्यास, तीन महिन्यांच्या आत तशीच मागणी करण्याची मुभा मिळाली; आता कोणत्या गावाचा कोणता निकाल कधी लागला यावर पाळत ठेवणे हेही एक काम होऊन बसले.

या काळातील पनवेलच्या राजकारणाचा केंद्रबिंदू असलेले दि. बा. पाटील हे उरण तालुक्यातील जासईचे, व्यवसायाने वकील, पाच वेळा आमदार आणि दोन वेळा खासदार झालेले शेतकरी कामगार पक्षाचे नेते होते. वकील आणि लोकप्रतिनिधी एकच असल्यामुळे अशा नेत्यापुढे येणारे गाऱ्हाणे एकाच वेळी राजकीय मागणी आणि कायदेशीर दावा असे, व त्याच्याभोवती वावरणाऱ्या तरुणांना दोन्ही भाषा शिकाव्या लागत. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी उरण तालुक्यात आंदोलकांवर झालेल्या गोळीबारात पाच शेतकरी मृत्युमुखी पडले. या लढ्यातून प्रकल्पग्रस्तांसाठी साडेबारा टक्के योजना निघाली, म्हणजे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतकी विकसित जमीन मूळ खातेदाराला परत देण्याची योजना. तिच्यातून सामाजिक सुविधांसाठी ३.७५ टक्के वजा होऊन प्रत्यक्षात ८.७५ टक्के हाती पडत, आणि ही वजाबाकी समजावून सांगताना कार्यकर्त्यांना लोकांचा रोष पत्करावा लागे.

गोळीबाराच्या इतिहासावर पुष्कळ लिहिले गेले आहे. साडेबारा टक्क्यांच्या अर्जांच्या इतिहासाकडे मात्र फारसे कोणी पाहिलेले नाही, आणि राजकीय कार्यालयातील शिकाऊ मुलाच्या दृष्टीने तोच महत्त्वाचा आहे. अर्जासोबत निवाड्याची प्रत, जुना सातबारा म्हणजे जमिनीच्या मालकीचा व पिकांचा उतारा, फेरफाराच्या नोंदी आणि वारसांचा पुरावा लागे. मूळ खातेदार बहुधा वारलेला असे. त्यामुळे घरातील म्हाताऱ्या बाईला विचारून वंशावळ, म्हणजे पिढ्यांचा नावानिशी तक्ता, काढावी लागे, आणि तीत लग्न होऊन गेलेल्या मुलींची नावे घालावयाची की नाही यावरून पहिली ठिणगी पडे. नाव घातले तर बहिणीचे हक्कसोडपत्र, म्हणजे आपला हिस्सा सोडल्याचा नोंदणीकृत दस्त, मिळवावे लागे. न घातले तर पुढे वाद उद्भवून भूखंडाचे वाटप अडे. राज्यशास्त्राच्या पुस्तकात सत्ता, हक्क आणि संमती हे शब्द वाचणाऱ्या विद्यार्थ्याला त्यांचे प्रत्यक्ष रूप या वंशावळीत दिसत असे, आणि ते फारसे गोजिरे नव्हते. भूखंडाचे भाव वाढले तसे दलालही याच कागदांभोवती जमले. अर्ज लिहून देणारा कार्यकर्ता आणि फाइल पुढे सरकवून देणारा मध्यस्थ यांच्यातील सीमा अनेक ठिकाणी पुसली गेली, हे मान्य केल्याशिवाय या प्रथेचा इतिहास प्रामाणिकपणे लिहिता येणार नाही.

दरम्यान कार्यालयाचे स्वरूपही बदलत होते. १९६६ मध्ये स्थापन झालेल्या शिवसेनेने मुंबईत शाखा रूढ केली. वस्तीतील एक खोली, संध्याकाळी बसणारा शाखाप्रमुख आणि नळ, दाखला, भांडण, प्रवेश असे कोणतेही काम घेऊन येणारे लोक, हा तिचा नमुना पुढे सर्व पक्षांनी जनसंपर्क कार्यालय या नावाने उचलला. १९८९ मध्ये मतदानाचे वय २१ वरून १८ वर आल्यामुळे महाविद्यालयीन विद्यार्थी थेट मतदार झाला. परंतु त्यानंतर थोड्याच वर्षांत, १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने महाविद्यालयांतील विद्यार्थी प्रतिनिधी निवडणुकीऐवजी गुणवत्तेवर नेमण्याची पद्धत आणली, आणि प्रचार, युती, मतमोजणी व पराभव यांचा अनुभव देणारी एक जागा बंद झाली. ज्याला राजकारणात रस होता असा विद्यार्थी महाविद्यालयाच्या आवारातून निघून वस्तीतल्या कार्यालयात गेला; या स्थलांतराचा परिणाम असा झाला, की त्याला समवयस्कांमध्ये वाद घालण्याऐवजी ज्येष्ठांच्या आज्ञेत काम करण्याची सवय आधी लागली.

उन्हाळ्याची सुट्टी आणि राजकीय कार्यालयाची धांदल यांचा योग केवळ योगायोगाने जुळलेला नाही. दहावी-बारावीचे निकाल लागले की गुणवंतांच्या सत्काराच्या याद्या कराव्या लागतात, जूनमध्ये शाळा उघडण्यापूर्वी वह्यावाटप उरकावे लागते, पावसाळ्याआधी नालेसफाईच्या तक्रारी येऊन पडतात, आणि प्रवेशासाठी उत्पन्नाचा दाखला, अधिवासाचा दाखला व इतर मागासवर्गातील विद्यार्थ्यांना लागणारे नॉन-क्रिमिलेयर प्रमाणपत्र यांसाठी पालकांची रीघ लागते. हे सर्व एप्रिल ते जून या तीन महिन्यांतच येते, आणि नेमका तेव्हाच विद्यार्थी मोकळा असतो. पूर्वी याच दिवसांत शेतात राब भाजणे, म्हणजे पालापाचोळा जाळून भाताच्या रोपांसाठी जमीन तयार करणे, हे काम घरच्या मुलांकडे असे. शेती सिडकोकडे गेल्यानंतर ही सुट्टी मोकळी झाली.

कार्यालयात बसल्यावर शिकाऊ मुलाच्या हाती प्रथम येते ती आवक-जावक नोंदवही. आलेल्या प्रत्येक पत्राला क्रमांक, तारीख, पाठवणाऱ्याचे नाव व विषय, आणि गेलेल्या प्रत्येक पत्राला तसाच जावक क्रमांक, एवढेच तिचे तंत्र असले तरी कोणत्या खात्याकडून किती महिने उत्तर आलेले नाही हे तिच्यातूनच कळते. पुढचा धडा पत्राचा असतो. ‘प्रति’ खाली अधिकाऱ्याचे नाव नव्हे तर पदनाम लिहावे, कारण बदली झाली तरी पत्र जिवंत राहते. ‘विषय’ एका ओळीत बसला पाहिजे. आणि ‘संदर्भ’ या शीर्षकाखाली आधीची सर्व पत्रे तारखांसह द्यावीत, कारण उशीर कोणाकडून झाला याचा पुरावा त्या चार ओळींतच साठतो. पत्र देऊन येताना दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि सही घ्यायची असते, तिला पोच म्हणतात. पोच न घेता परतलेल्या मुलाला कार्यालयात जे ऐकावे लागते ते कोणत्याही पाठ्यक्रमात नाही. माहितीच्या अधिकाराचा कायदा महाराष्ट्रात २००२ मध्ये व देशभर २००५ मध्ये आल्यावर आणि २०१५ मध्ये लोकसेवा हक्क कायदा झाल्यावर या पोचेचे वजन आणखी वाढले, कारण मुदतीची गणना तिच्या तारखेपासून होऊ लागली.

१ ऑक्टोबर २०१६ रोजी पनवेल महानगरपालिका अस्तित्वात आली, खारघरसह परिसरातील ग्रामपंचायती तिच्यात विलीन झाल्या आणि मे २०१७ मध्ये ७८ नगरसेवकांची पहिली निवडणूक झाली. ग्रामपंचायतीच्या काळात सरपंचाकडे चालत जाऊन सुटणारे प्रश्न आता प्रभागाच्या नगरसेवकाच्या कार्यालयात येऊ लागले, आणि बेलपाड्यासारख्या गावठाणाच्या सभोवार उभ्या राहिलेल्या गृहनिर्माण संस्थांचे प्रश्न गावकऱ्यांच्या प्रश्नांहून अगदी निराळे होते. गावाकडची मागणी ‘गरजेपोटी बांधलेली घरे’, म्हणजे कुटुंब वाढल्यामुळे परवानगीविना बांधलेली प्रकल्पग्रस्तांची घरे, नियमित करण्याची. वसाहतींची तक्रार २०१६ पासूनच्या मागील मुदतीसह आलेल्या मालमत्ता कराची, कारण त्या वर्षांत सिडकोला सेवाशुल्क भरल्याचे त्यांचे म्हणणे होते. निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव असल्यामुळे कार्यालयात विद्यार्थिनींचा वावर वाढला, हा बदल फारसा नोंदला गेलेला नसला तरी तो लहान नाही. जुलै २०२२ मध्ये सभागृहाची मुदत संपल्यावर जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत प्रशासकाचा कारभार राहिला, आणि त्या साडेतीन वर्षांत माजी नगरसेवकांची कार्यालये कोणताही अधिकार नसताना केवळ शिफारसपत्रांवर चालली.

प्रशिक्षणाला औपचारिक रूप देण्याचे प्रयत्न याच काळात वाढले. लोकप्रतिनिधी व कार्यकर्ते यांच्या प्रशिक्षणासाठी १९८२ मध्ये स्थापन झालेली रामभाऊ म्हाळगी प्रबोधिनी, खासदारांना संशोधन साहाय्यक पुरवणारा २०१० पासूनचा लॅम्प हा उपक्रम आणि राज्य शासनाची २०१५ मध्ये सुरू झालेली मुख्यमंत्री फेलोशिप ही त्यांतील ठळक नावे. २०२४ च्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावी उत्तीर्णाला दरमहा ६,०००, आयटीआय वा पदविकाधारकाला ८,००० आणि पदवीधराला १०,००० रुपये विद्यावेतन ठरले. तथापि, या योजनेचे प्रशिक्षणार्थी शासकीय कार्यालयांत आणि उद्योग-आस्थापनांत जातात. पक्षाचे कार्यालय यात बसत नाही, शिकाऊ उमेदवार अधिनियमातही बसत नाही. नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदव्युत्तर वर्गांना २०२३ पासून चार श्रेयांकांचे, म्हणजे सुमारे १२० तासांचे, कार्यस्थळ प्रशिक्षण आले, तेव्हा राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्याला जवळच्या लोकप्रतिनिधीचे कार्यालय हे एक उपलब्ध ठिकाण दिसू लागले. बिनपगारी कामाची जुनी अडचण येथे तशीच आहे, कारण ज्या मुलाला सुट्टीत तळोज्याच्या कारखान्यात कमावणे भाग असते तो या तासांसाठी येऊ शकत नाही.

एकशे वीस तासांत भूसंपादनाचा एकही दावा आरंभापासून शेवटापर्यंत दिसणे शक्य नाही. कलम १८ ची प्रकरणे न्यायालयात वर्षानुवर्षे चालत आली आहेत. म्हणून नोंदणीकृत विद्यार्थ्याकडे सहसा असे काम सोपवले जाते, जे सुट्टीत सुरू होऊन सुट्टीतच संपेल : तक्रारींचे वर्गीकरण, मतदार यादीतील दुबार नावांची पडताळणी, समाजमाध्यमांवरील मजकूर, एखाद्या सेक्टरातील पाण्याच्या वेळांचे सर्वेक्षण. वंशावळी, हक्कसोडपत्रे आणि जुने निवाडे मात्र अजूनही गावातल्याच एखाद्या मुलाच्या हाती राहतात, ज्याला फेरफार कोणाच्या सांगण्यावरून झाला हे आजीकडून ठाऊक असते, आणि ज्याच्या कामाला श्रेयांक नसतो, विद्यावेतन नसते व संपण्याची तारीखही नसते.